पेसमेकर : ठोका पडतो, पण कोणत्या वाटेने?

हृदयाचे ठोके फार कमी झाले की पेसमेकर बसवितात, हे आता खेड्यापाड्यांतही ठाऊक झाले आहे. आपल्याकडे त्याला सरळ 'बॅटरी बसविली' असेच म्हणतात. परंतु या बॅटरीविषयी तीन समजुती पक्क्या बसल्या आहेत. पहिली, एकदा बॅटरी बसविली की पुन्हा डॉक्टरांकडे जाण्याचे कारण नाही. दुसरी, सगळे पेसमेकर सारखेच, फरक फक्त किमतीचा. आणि तिसरी, नाडी साठ-सत्तर लागते आहे म्हणजे हृदय ठणठणीत आहे. या तिन्ही समजुती अपुऱ्या आहेत. पेसमेकर हृदयाला ठोका देतो हे खरे, पण तो ठोका हृदयात कोणत्या वाटेने पसरतो यावर रुग्णाची पुढची दहा-पंधरा वर्षे अवलंबून असतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हृदयरोगशास्त्राने या वाटेचाच विचार केला आहे. आज तो समजून घेऊ.

हृदयातील पाटबंधारे

हृदयाला चार कप्पे असतात. वरच्या दोन लहान कप्प्यांना कर्णिका म्हणतात, खालच्या दोन मोठ्या कप्प्यांना जवनिका. कर्णिका रक्त गोळा करून खाली देतात. उजवी जवनिका ते फुप्फुसांकडे पाठविते आणि डावी जवनिका साऱ्या शरीराला पुरविते. सर्वांत जड काम डाव्या जवनिकेचे असते.

हे स्नायू आकुंचन पावतात ते विजेच्या सूक्ष्म लहरीमुळे. ती लहर कशी वाहते हे आपल्या जिल्ह्यातील माणसाला समजावून सांगणे सोपे आहे, कारण प्रवरेचे पाणी कसे येते हे त्याला ठाऊक असते. भंडारदऱ्याच्या धरणातून पाणी सुटते, नदीपात्रातून वाहत ओझरच्या बंधाऱ्यापाशी येते, तेथे अडते आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यात शिरते. पुढे चाऱ्या, पोटचाऱ्या आणि शेवटी प्रत्येकाचे शेत.

हृदयातही तसेच आहे. उजव्या कर्णिकेच्या वरच्या भागात एक छोटी गाठ असते. ते धरण समजा. लहर तेथे निर्माण होते, दोन्ही कर्णिकांतून पसरत खाली येते आणि मधल्या दुसऱ्या गाठीपाशी थांबते. हा थांबा सेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका असतो, पण फार मोलाचा असतो. तेवढ्या वेळात कर्णिका आपले रक्त जवनिकेत रिकामे करतात. मग लहर एका मुख्य पाटात उतरते. या पाटाला 'हिस'चा पट्टा म्हणतात, कारण विल्हेल्म हिस या शास्त्रज्ञाने 1893 साली त्याचे वर्णन केले. पुढे त्याच्या उजवी आणि डावी अशा दोन शाखा होतात आणि त्यांचे बारीक जाळे दोन्ही जवनिकांच्या आतल्या अस्तरावर पसरते. सुनाओ तवारा या जपानी डॉक्टरांनी जर्मनीत काम करून 1906 साली ही मधली गाठ आणि तिच्यापासून पुढची सगळी वाट एकसंध आहे हे दाखवून दिले.

या वाटेचे वैशिष्ट्य तिच्या वेगात आहे. पाटातून लहर सेकंदाला दोन ते चार मीटर वेगाने धावते. साध्या स्नायूतून जावयाचे तर तिचा वेग त्याच्या कितीतरी कमी पडतो. या वेगामुळेच दोन्ही जवनिका सेकंदाच्या दहाव्या भागात, जवळजवळ एकदम आवळल्या जातात. एकाच वेळी सगळी बाजू आवळली गेली म्हणजेच रक्त जोराने बाहेर पडते.

वाट अडते तेव्हा

वय वाढते तशी ही गाठ किंवा पाट झिजतो. काहींच्या बाबतीत वरची गाठच मंद होते. काहींच्या बाबतीत मधली गाठ किंवा मुख्य पाट तुटतो आणि वरची लहर खाली पोचतच नाही. याला पूर्ण हार्ट ब्लॉक म्हणतात. रक्तवाहिनीत चरबी साठून होणारा 'ब्लॉकेज' निराळा आणि हा विजेच्या वाटेतील ब्लॉक निराळा. नावाच्या सारखेपणामुळे पुष्कळ घरांत गोंधळ होतो. अँजिओग्राफीत सगळे ठीक निघाले तरी हार्ट ब्लॉक असू शकतो.

वाट तुटली तरी जवनिका स्वतःच्या बळावर मिनिटाला तीस-चाळीस ठोके देत राहतात. त्यावर माणूस जगतो, पण कसाबसा. चार पावले चालले की दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, कधी उभ्याउभ्या भोवळ येऊन पडतो आणि क्षणात पुन्हा उठून बसतो. अशा पडण्याला आपल्याकडे अशक्तपणा, पित्त, फिट, क्वचित बाहेरची बाधा अशी नावे मिळतात. घरात कोणी वयस्कर माणूस असा पडत असेल तर त्याची मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजावी. पंचेचाळीसच्या आत लागली तर त्याच दिवशी इसीजी काढावा.

परंतु ठोके मंद झाले म्हणजे लगेच कायमचा पेसमेकर असेही नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या, डिजॉक्सिन, रक्तात पोटॅशियम वाढणे, थायरॉइडची कमतरता, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका यांमुळेही ठोके उतरतात, आणि मूळ कारण दूर झाले की पुष्कळदा सुधारतात. आपल्या बांधाबांधांवर असणाऱ्या पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बिया पोटात गेल्यानेही गंभीर ब्लॉक होतो. अशा रुग्णाला काही दिवस तात्पुरता पेसमेकर लागू शकतो, पण विष उतरले की तो काढून टाकतात.

यंत्राची जन्मकथा

शरीराच्या आत बसविलेला पहिला पेसमेकर स्वीडनमधील स्टॉकहोम येथे 8 ऑक्टोबर 1958 रोजी आर्ने लार्सन या त्रेचाळीस वर्षांच्या रुग्णाला बसविण्यात आला. यंत्र तयार केले रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने आणि शस्त्रक्रिया केली ऑके सेनिंग या शल्यचिकित्सकाने. यंत्र ओतण्यासाठी साचा म्हणून बुटाच्या पॉलिशची डबी वापरली होती. ते पहिले यंत्र काही तासच चालले. लार्सन मात्र त्यानंतर त्रेचाळीस वर्षे जगले. त्या काळात वीसहून अधिक पेसमेकर त्यांना बदलून घ्यावे लागले, आणि 2001 साली ते वारले ते हृदयाच्या नव्हे, कर्करोगाच्या विकाराने.

सुरुवातीला छाती उघडून तार हृदयावर शिवावी लागे. नंतर गळपट्टीच्या हाडाखालील शिरेतून तार आत सरकविण्याची पद्धत आली आणि शस्त्रक्रिया पुष्कळ सोपी झाली. आज ती केवळ जागा बधिर करून तास-दीड तासात होते. ही तार उजव्या जवनिकेच्या अगदी खालच्या टोकाशी नेऊन ठेवण्याची प्रथा पडली. कारण साधे होते. तेथे तार सहज पोचते, स्नायूंच्या जाळ्यात अडकून राहते आणि सुटत नाही. लाखो लोकांचे प्राण या पद्धतीने वाचले आहेत आणि आजही वाचत आहेत. ही गोष्ट मनात पक्की ठेवूनच पुढचे वाचावे.

टोकाची अडचण

आता पुन्हा कालव्याकडे येऊ. समजा, मुख्य पाट फुटला म्हणून कोणी शेवटच्या शेतात बोअर घेऊन पाणी सोडले. पाणी मिळेल, पण ते चारीने न येता एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात, बांध ओलांडत, झिरपत जाईल. जवळचे वाफे आधी भरतील आणि लांबचे फार उशिरा.

उजव्या जवनिकेच्या टोकाशी ठेवलेली तार नेमके हेच करते. तिची लहर पाटात न शिरता स्नायूतून स्नायूत सरकत जाते. उजवी बाजू आणि मधला पडदा आधी आवळला जातो आणि डाव्या जवनिकेची बाहेरची भिंत मागाहून. एका बाजूने दाबताना दुसरी बाजू सैल, आणि दुसरी दाबते तेव्हा पहिली सैल पडू लागलेली. बैलजोडीतला एक बैल पुढे ओढतो आणि दुसरा मागे रेंगाळतो, तसा हा प्रकार. गाडी चालते, पण ओढ वाया जाते.

एका ठोक्यात हा दोष किरकोळ असतो. पण मिनिटाला साठ ठोके धरले तरी दिवसाचे 86,400 होतात आणि वर्षाचे तीन कोटींहून अधिक. प्रत्येक ठोका वाकड्या वाटेने गेला तर काही जणांची डावी जवनिका हळूहळू सैल पडून ताणली जाते आणि तिची ताकद उतरते. निरनिराळ्या पाहण्यांत, सतत पेसमेकरवर असणाऱ्या रुग्णांपैकी साधारण दहा ते वीस टक्के लोकांना काही वर्षांत हा त्रास झालेला आढळला आहे. म्हणजे बहुसंख्यांना होत नाही, पण ज्यांना होतो त्यांची संख्या दुर्लक्ष करण्याइतकी लहानही नाही.

यातील फसवी बाब अशी की नाडीवरून काहीच कळत नाही. नाडी घड्याळासारखी नियमित लागते. पाथर्डी भागातील एका निवृत्त शिक्षकांचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. पूर्ण ब्लॉकसाठी त्यांना पेसमेकर बसवून दोन वर्षे झाली होती. पहिले वर्ष उत्तम गेले. नंतर त्यांना जिना चढताना दम लागू लागला, रात्री उशाला दोन उशा लागू लागल्या, संध्याकाळी पावलांवर सूज येऊ लागली. घरच्यांना वाटले, धुळीचा दमा असेल. गुरुजी स्वतः रोज नाडी मोजत आणि 'साठ भरते, मशीन चालू आहे' असे समाधानाने सांगत. मशीन खरोखरच चालू होते. मी त्यांना इकोची सोनोग्राफी करविण्यास पाठविले, तेव्हा डाव्या जवनिकेची पंप करण्याची ताकद, जी साधारण पंचावन्न टक्क्यांच्या पुढे असावी, ती पस्तीसवर आलेली दिसली. पुण्याच्या हृदयरोगतज्ज्ञांनी दुसरी कारणे तपासून वगळली, औषधे सुरू केली आणि नवी तार योग्य जागी बसविली. सहा महिन्यांनी ताकद पन्नासच्या आसपास आली आणि गुरुजी पुन्हा सकाळी फिरायला जाऊ लागले.

'नैसर्गिक' शब्दाचे दोन अर्थ

नैसर्गिक पद्धतीचा पेसमेकर ही कल्पना नवी नाही. पूर्वी या शब्दाचा अर्थ होता दोन तारांचा पेसमेकर. एक तार वर कर्णिकेत आणि एक खाली जवनिकेत. कर्णिका आधी, मग क्षणभर थांबा, मग जवनिका, हा निसर्गाचा क्रम त्याने राखला जातो. एका तारेच्या यंत्रात हा क्रम चुकला तर काहींना घशात ठोके जाणवतात, डोके हलके होते, थकवा येतो. दोन तारांनी तो टळतो. कर्णिकांची अनियमित फडफड होण्याचे प्रमाणही कमी होते.

तरीही मोठ्या पाहण्यांनी डॉक्टरांना विचारात पाडले. कॅनडात अडीच हजारांवर रुग्णांवर झालेल्या आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दोन प्रकारांमध्ये मृत्यू आणि पक्षाघाताच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. 2002 साली अमेरिकेतील 'डेव्हिड' नावाच्या पाहणीत, ज्यांचे हृदय आधीच दुबळे होते पण ज्यांना ठोक्यांसाठी यंत्राची गरज नव्हती, अशांत दोन तारांचे यंत्र सतत चालू ठेवल्याने उलट अपायच झाला. 2003 सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात, खालची तार 40 टक्क्यांहून जास्त वेळ काम करीत असेल तर हृदय दुबळे होऊन रुग्णालयात दाखल होण्याचा धोका वाढतो असे आढळले. वर-खालचा क्रम राखूनही नुकसान का? कारण खालचा ठोका अजूनही वाकड्या वाटेनेच जात होता. म्हणून आता 'नैसर्गिक' या शब्दाचा दुसरा अर्थ पुढे आला आहे. क्रम तर राखावयाचाच, पण जवनिकेतील वाटही निसर्गाचीच धरावयाची.

मुख्य पाटातच पाणी सोडणे

यासाठी पहिला उपाय निघाला तो तिसऱ्या तारेचा. एक तार उजव्या बाजूने आणि एक डाव्या जवनिकेच्या बाहेरच्या अंगाने, म्हणजे दोन्हीकडून एकाच वेळी ठोका. दुबळ्या आणि विस्कळीत आवळणाऱ्या हृदयांना याचा खरा लाभ होतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या 'ब्लॉक एचएफ' या पाहणीत, ब्लॉक असलेल्या आणि हृदयाची ताकद उतरलेल्या 691 रुग्णांत ही पद्धत नेहमीच्या पद्धतीपेक्षा सरस ठरली. परंतु हे यंत्र महाग असते, शस्त्रक्रिया लांबते, आणि दोन्हीकडून बोअर घेतले तरी तो पाट नव्हेच.

मग थेट पाटातच पाणी सोडले तर? हे काम कायमस्वरूपी पेसमेकरने करून दाखविणाऱ्यांत एक नाव मराठी वाचकाला आपलेसे वाटेल असे आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यातील सेअर या छोट्या गावातील रुग्णालयात डॉ. प्रमोद देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, कर्णिकांची कायम फडफड आणि दुबळे हृदय असलेल्या मोजक्या रुग्णांत तारेचे टोक हिसच्या पट्ट्यावरच बसविले. 'सर्क्युलेशन' या हृदयरोगाच्या अग्रगण्य नियतकालिकात 2000 साली त्यांचा लेख आला. ठोका अगदी नैसर्गिक वाटेने खाली उतरला.

पण हिसचा पट्टा फार लहान असतो. तो सापडणे अवघड, तेथे तार टिकविणे अवघड, शिवाय पुष्कळदा ठोका देण्यास जास्त वीज लागते आणि बॅटरी लवकर संपते. यावर पुढचा मार्ग चीनमधील वेनझोऊ येथील डॉ. वेइजियान हुआंग यांच्या चमूने 2017 साली दाखविला. दोन जवनिकांमधील स्नायूच्या पडद्यात उजव्या बाजूने बारीक स्क्रूसारखी तार फिरवीत आत न्यावयाची आणि डाव्या शाखेच्या जागी, पडद्याच्या डाव्या अंगाजवळ थांबवावयाची. म्हणजे बंधाऱ्याच्या थोडे पुढे, डाव्या कालव्याच्या मुखाशीच पाणी सोडावयाचे. ही जागा हिसच्या पट्ट्यापेक्षा रुंद असल्याने काम सोपे होते, वीज कमी लागते आणि ज्यांचा ब्लॉक मुख्य पाटात आहे त्यांनाही लाभ होतो, कारण अडथळ्याच्या पलीकडून सुरुवात होते. डाव्या जवनिकेला, जिच्यावर सर्वांत जड काम आहे, तिला ठोका वेळेवर मिळतो.

ही पद्धत जगभर वेगाने पसरली. आपल्या देशात तमिळनाडूतील मदुराई येथील डॉक्टरांनी या विषयावर पुष्कळ काम प्रसिद्ध केले आहे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या केंद्रांतूनही असे पेसमेकर बसविले जातात. 2023 साली अमेरिका, आशिया-पॅसिफिक आणि लॅटिन अमेरिका येथील हृदयताल-तज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाच काढल्या.

या पद्धतीचे तोटेही सांगितले पाहिजेत. तार पडद्यात फिरविताना कधी ती पडदा भेदून पलीकडे डाव्या जवनिकेत जाते व परत घ्यावी लागते. कधी नंतर हलते. प्रत्येकात योग्य जागा सापडतेच असे नाही. हे काम सराव असलेल्या हातांचेच आहे. आणि जुन्या पद्धतीला साठ वर्षांचा अनुभव आहे, तर हिला जेमतेम आठ-दहा वर्षांचा.

कोणासाठी महत्त्वाची?

आता मुख्य प्रश्न. आपल्या घरातील रुग्णाला ही पद्धत हवी का?

ज्यांची फक्त वरची गाठ मंद आहे आणि खालची वाट शाबूत आहे, त्यांच्या खालच्या तारेला काम क्वचितच पडते. वर ठोका दिला की पुढे तो नैसर्गिक वाटेनेच उतरतो. अशांना साधा दोन तारांचा पेसमेकर, खालची तार शक्य तितकी विश्रांतीत राहील अशा बेताने लावून दिला, की पुरतो.

ज्यांना पूर्ण ब्लॉक आहे, ज्यांचा प्रत्येक ठोका यंत्राला द्यावा लागणार आहे, त्यांच्या बाबतीत तारेच्या जागेला खरे महत्त्व आहे. त्यातही इकोमध्ये ताकद आधीच थोडी उतरलेली, म्हणजे 36 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर नैसर्गिक वाटेच्या पेसमेकरला प्राधान्य देणे योग्य, असे 2023 च्या सूचना सांगतात. ताकद शाबूत असेल तरीही हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे, विशेषतः ज्यांच्यापुढे अजून पुष्कळ वर्षे आहेत अशांच्या बाबतीत.

म्हणून पेसमेकर ठरला की हृदयरोगतज्ज्ञांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. आमच्या रुग्णाची खालची तार किती वेळ काम करील? इकोमध्ये ताकद किती आहे? आणि तार नैसर्गिक वाटेवर बसविण्याची येथे सोय व सराव आहे का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

परंतु एक गोष्ट मी ठामपणे सांगतो. पूर्ण ब्लॉक असलेला, भोवळ येऊन पडणारा रुग्ण नव्या पद्धतीच्या शोधात घरी ठेवू नये. आज जवळच्या रुग्णालयात मिळणारा साधा पेसमेकर हा महिन्याने मिळणाऱ्या उत्तम पेसमेकरपेक्षा श्रेष्ठ आहे. ब्लॉक वाट पाहत नाही. तार पुढे बदलता येते, नवी घालता येते. गेलेला माणूस परत आणता येत नाही. साध्या पेसमेकरवर वर्षानुवर्षे सुखाने शेती करणारे, नातवंडे खेळविणारे कितीतरी लोक आपल्या जिल्ह्यात आहेत.

खर्चाची बाजू

डाव्या शाखेवर तार बसविण्यासाठी यंत्र बहुधा नेहमीचेच चालते. जादा खर्च असतो तो मुख्यतः विशेष तार आणि ती नेण्याच्या नळीचा. तीन तारांच्या यंत्राच्या तुलनेत हा खर्च पुष्कळ कमी आहे. म्हणून जमीन गहाण टाकण्याआधी नेमका कशाचा खर्च सांगितला जात आहे हे कागदावर लिहून घ्यावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कायमस्वरूपी पेसमेकर बसविण्याचा समावेश आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन आधी त्याच्याकडे जावे, आणि कोणत्या प्रकारचा पेसमेकर योजनेत बसतो, वरची रक्कम भरावी लागेल का, हे त्याच्याकडून स्पष्ट करून घ्यावे.

बसविल्यानंतर

ज्या बाजूला पेसमेकर आहे तो हात चार ते सहा आठवडे खांद्याच्या वर नेऊ नये आणि जड उचलू नये. मात्र हात अगदी गळ्यात बांधूनही ठेवू नये, खांदा आखडतो. जखम लाल झाली, गरम लागली, पाणी येऊ लागले किंवा ताप आला तर शेक, लेप, गावठी मलम काही न करता जेथे शस्त्रक्रिया झाली तेथे त्वरित जावे.

तपासणी पहिल्या एक ते तीन महिन्यांत आणि नंतर दर सहा महिने ते वर्षाने करावी. त्यात बॅटरी किती उरली, तार नीट आहे का आणि खालची तार किती टक्के काम करते हे कळते. ही टक्केवारी आपल्या वहीत लिहून ठेवावी. ती वीस ते चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर ठरावीक काळाने इको करून घ्यावा. आणि दम, पायांवर सूज, रात्री आडवे झाल्यावर खोकला, वजनात अचानक वाढ यांपैकी काही दिसले तर तारखेची वाट न पाहता करावा.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातील ऊसतोड कुटुंबांना माझे खास सांगणे आहे. दिवाळीनंतर आपण पाच-सहा महिने बाहेर असता. पेसमेकरची तपासणी निघण्यापूर्वीच उरकून घ्यावी. पेसमेकरचे कार्ड आणि शेवटच्या तपासणीचा कागद सोबत ठेवावा. ज्या बाजूला यंत्र आहे त्या हाताने सतत कोयता चालविणे, डोक्यावर मोळ्या चढविणे यांमुळे हाडाखाली तार घासून तुटू शकते. हे काम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

नेहमीच्या शंका

*मोबाइल वापरता येतो का?* होय. वरच्या खिशात ठेवू नये आणि पेसमेकरच्या विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा. यंत्रापासून वीतभर अंतर पुरे.

*विहिरीवरची मोटर, स्टार्टर, पिठाची गिरणी?* सुस्थितीत असलेली घरगुती व शेतीची यंत्रे चालतात. चालू मोटरवर छाती टेकवून वाकू नये. वेल्डिंग शक्यतो दुसऱ्याकडून करवून घ्यावे. रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारेला मात्र स्पर्श होता कामा नये.

*एमआरआय करता येतो का?* आता बरीच यंत्रे आणि तारा त्यासाठी योग्य असतात, पण सगळ्या नव्हेत. कार्ड दाखविल्याशिवाय त्या खोलीत पाऊल टाकू नये.

*बॅटरी किती वर्षे टिकते?* साधारण आठ ते बारा वर्षे. ती एकदम बंद पडत नाही, आधी सूचना देते. पण ती सूचना तपासणीतच दिसते. बदलताना तारा चांगल्या असतील तर फक्त यंत्र बदलतात.

*पेसमेकरमुळे माणसाचा प्राण अडकून राहतो, हे खरे का?* मुळीच नाही. यंत्र फक्त विजेची लहर देते. शेवट आला आणि स्नायूनेच प्रतिसाद देणे सोडले की लहरीचा काही उपयोग नसतो. मात्र मृत्यूनंतर दहन करावयाचे असल्यास यंत्र आधी डॉक्टरांकडून काढून घ्यावे. आगीत त्याची बॅटरी मोठा आवाज करून फुटते आणि चितेजवळच्या माणसांना इजा होऊ शकते. दुःखाच्या वेळी ही गोष्ट सुचत नाही, म्हणून घरातील एका जाणत्या माणसाला ती आधीच सांगून ठेवावी.

ज्यांच्या घरात पेसमेकर असलेला माणूस आहे त्यांनी आज त्याचे कार्ड शोधून काढावे आणि शेवटची तपासणी कधी झाली ते पाहावे. वर्ष उलटून गेले असेल, तर या आठवड्यातच तपासणीची तारीख घ्यावी आणि इको कधी करावयाचा हेही त्याच वेळी विचारावे.